डिझेल गळती (अवजड ट्रक)

टाकीपासून इंजेक्टरपर्यंत (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) आणि तिथून रिटर्न लाईनने परत टाकीपर्यंत, या वाटेत कुठूनही डिझेल बाहेर येणं किंवा बाहेरची हवा आत शिरणं, दोन्हीला गळतीच म्हणतात. हवेचा भाग बरेच जण विसरतात आणि निदान बहुतेक वेळा तिथेच चुकतं.

फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) इंजिनवर असेल तर टाकी ते पंप हा पाइप ओढीखाली असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना ढिल्या क्लॅम्पमधून किंवा भेगाळलेल्या होजमधून डिझेल बाहेर पडत नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली एक थेंब दिसत नाही, पण गाडी रात्रभर उभी राहिली की लाईनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं, सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं, आणि लोडवर इंजिन ओढत नाही. यात फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी लावून बुडबुडे बघायचे, मग वेगळ्या कॅनमधून पंपाला डिझेल द्यायचं. बुडबुडे थांबले तर दोष कॅनने वगळलेल्या भागात, म्हणजे टाकीतली नळी, पाइप, जोड किंवा वॉटर सेपरेटरचं सील.

बाहेर दिसणाऱ्या गळतीत जिथे ओल दिसते तिथे दोष असेलच असं नाही, कारण वारा आणि पंख्याची हवा डिझेल मागे नेते आणि ते ब्लॉकवरून ओघळत खाली साठतं. इंजिन धुवून, कोरडं करून चालू करायचं आणि सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला बिंदू शोधायचा. तरी सापडलं नाही तर डिझेलमध्ये यूव्ही डाय टाकून यूव्ही दिव्याखाली बघतात.

ओ-रिंग (जोडात बसणारी रबरी कडी, म्हणजे एक प्रकारचं सील) का गळायला लागतात यावर बराच वाद झालाय. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये डिझेलमधलं सल्फर ५०० पीपीएमवर (दहा लाख भागांत ५०० भाग) आणलं तेव्हा जुन्या गाड्यांचे पंप गळायला लागल्याच्या तक्रारी आल्या, आणि २००६ पासून १५ पीपीएमचं डिझेल आलं तेव्हा हा विषय पुन्हा निघाला. सल्फर गेलं म्हणून सील गेले असं अनेक मेकॅनिक आजही सांगतात. जास्त पटणारं मत वेगळं आहे: सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत अ‍ॅरोमॅटिक घटकही (डिझेलमधले एक प्रकारचे हायड्रोकार्बन) कमी होतात, जुन्या सीलमधलं नायट्राइल रबर हेच घटक शोषून फुगलेलं असतं, ते कमी झाले की रबर आकसतं, आणि उष्णतेने आधीच कडक झालेली ओ-रिंग आकसली की परत बसत नाही. नव्या सीलला हा त्रास फारसा झाला नाही, यावरून सीलचं वयही मोजावं लागतं. बायोडिझेलचं जास्त मिश्रण याच्या उलट वागतं, नायट्राइल फुगवतं आणि मऊ करतं. म्हणून बदलताना व्हायटॉनसारखं फ्लोरोरबर बऱ्याच ठिकाणी योग्य ठरतं, मात्र कंपनीने त्या जागी काय दिलंय ते आधी बघावं.

आतली गळती बाहेरून कळत नाही. इंजेक्टरची ओ-रिंग किंवा हाय प्रेशर पंपाचं शाफ्ट सील गेलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर लेव्हल वाढते, ऑइल पातळ होतं, डिझेलचा वास येतो. पण एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी (यालाच रिजनरेशन म्हणतात) उशिरा इंजेक्शन देणाऱ्या इंजिनांतही ऑइलमध्ये डिझेल जातं, तेव्हा लगेच इंजेक्टर उतरवू नयेत, आधी रिजनरेशन किती वेळा झालं ते बघावं. उलट इंजेक्टरच्या टोकाचा कॉपर वायसर गेला तर जळालेला गॅस इंधनात शिरू शकतो, रिटर्नमध्ये बुडबुडे येतात आणि डिझेल काळं पडतं.

कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारा एकच जास्त दाबाचा पाइप) दाब साधारण १६०० ते २५०० बारपर्यंत जातो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत चालू इंजिनवर एकेक नट ढिला करून सिलेंडर तपासायचे, ती सवय इथे जीवघेणी आहे. सुमारे ७ बारचा फवाराही कातडीत घुसू शकतो; जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, पण आत डिझेल पसरत जातं आणि लगेच शस्त्रक्रिया लागते. गळती शोधायला हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा, आणि इंजिन बंद केल्यावर कंपनीने सांगितलाय तितका वेळ थांबून मगच पान्हा लावा. फवारा टर्बोवर गेला तर पेटू शकतो, कारण डिझेल साधारण २१० अंशांच्या पुढे ठिणगीशिवाय पेट घेतं आणि टर्बो त्याहून बराच तापतो.

दुरुस्तीत कॉपर वायसर एकदाच वापरायचा असतो. उतरवलेला हाय प्रेशर पाइप परत लावू नये असं अनेक कंपन्या सांगतात, कारण त्याचं टोक एकदा दाबून बसलेलं असतं. त्याला वेल्डिंग तर करूच नये. बॅन्जो बोल्ट (ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) गळतोय म्हणून आणखी आवळला की आटे जातात, टॉर्क रेंचच (ठरलेल्या जोराने आवळणारा पान्हा) लावावा. घासून तुटलेला पाइप बदलला पण त्याची क्लिप बसवली नाही तर नवाही तिथेच तुटतो. उघडी टोकं लगेच झाकावीत, इंजेक्टरमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. शेवटी हँड प्रायमरने (हाताने चालवायचा छोटा पंप) लाईनमधली हवा काढून, गाडी लोडवर चालवून पुन्हा बघायचं.

टाकीच्या बाबतीत पट्ट्याखालची घासलेली जागा आधी बघतात. गळ्यापर्यंत भरलेली ४०० लिटरची टाकी २० अंशांनी तापली तर साडेसहा लिटरच्या आसपास डिझेल फुगतं आणि ब्रीदरमधून (टाकीत हवा ये-जा करायची नळी) सांडतं. त्यात बदलण्यासारखं काही नसतं.