मुठेल, खोबरेल आणि लोशनमधलं पाणी

थंडीत टाचांना भेगा पडल्या की कोकणात मुठेल काढलं जातं. कोकमाच्या बिया वाळवून, सोलून, कुटून पाण्यात उकळायच्या. वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं आणि ते थिजू लागलं की मुठीत दाबून गोळे वळायचे, म्हणून मुठेल. गोव्यात हेच भिरंडेल. गोळा इतका कडक की नखाने खरवडावा लागतो. तो कपचा तळहातावर ठेवून पाहा: तसाच बसून राहतो. शेजारी थिजलेल्या खोबरेलाचा खडा ठेवलात, तर बघता बघता त्याचं पाणी होतं.

खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं, मुठेल ४० च्या आसपास, आणि आपली त्वचा असते साधारण ३३-३४ अंशांवर. म्हणूनच मुठेल गरम करून भेगांत भरतात. तेल-तूप ज्या मेदाम्लांचं बनतं, त्यांतलं एक म्हणजे स्टिअरिक आम्ल; मुठेलात ते निम्म्याहून जास्त असतं. त्याची १८ कार्बनची साखळी सरळ, त्यामुळे रेणू काड्यांच्या जुडीसारखे घट्ट बसतात. तिळाच्या तेलात भरपूर असलेल्या ओलेइक आम्लातही १८ च कार्बन, पण साखळीला मध्येच बाक. वाकड्या काड्यांची जुडी नीट बांधता येत नाही, म्हणून तिळेल थंडीतही वाहतं. लोशन हाताला कसं लागेल, ते या जुडीवर ठरतं.

घरी मुठेलाचं १०० ग्रॅम लोशन करायला माझं प्रमाण असं: डिस्टिल्ड वॉटर ७२ ग्रॅम, ग्लिसरीन ३, तिळेल १२, मुठेल ४, खोबरेल ३, इमल्सिफाइंग वॅक्स ५ आणि प्रिझर्वेटिव्ह १. पाणी-ग्लिसरीन एका भांड्यात, तेलं आणि वॅक्स दुसऱ्यात. दोन्ही ७० अंशांपर्यंत तापवायची. एक भांडं गार असेल तर मुठेल लगेच गोठून कण धरतं. मग एकत्र ओतून, मिश्रण दुधाळ होऊन दाट होईपर्यंत घोटत राहायचं. वॅक्सच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, म्हणून दोन्ही एकजीव राहतात. मधमाश्यांच्या नुसत्या मेणाने हे होत नाही. थोड्या दिवसांत पाणी तळाशी उतरतं.

आता प्रिझर्वेटिव्ह, कारण याच एका ग्रॅमला ‘केमिकल नको’ म्हणून लोक फाटा देतात. मीही दिला होता. नवव्या दिवशी बाटलीच्या गळ्याशी काळसर ठिपके दिसले आणि सगळं फेकावं लागलं. वाईट याचं वाटलं, की ते लोशन त्या सकाळपर्यंत मी आईच्या भेगाळलेल्या टाचांना लावत होते. मुठेलाचा गोळा महिनोन्‌महिने टिकतो, कारण त्यात पाणी नाही आणि पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. लोशनमध्ये तर जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच. व्हिटॅमिन ई घातलं की झालं, असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. ते तेलाला खवट होऊ देत नाही. बुरशीला अडवत नाही. फिनॉक्सिइथेनॉल असलेलं प्रिझर्वेटिव्ह, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, मिश्रण ४० अंशांच्या खाली आल्यावर घालावं.

हे प्रमाण पुण्याच्या डिसेंबरासाठी. मे महिन्यात ते चिकट वाटतं. तेव्हा मी मुठेल ४ वरून १ ग्रॅमवर आणते आणि तेवढंच पाणी वाढवते. भेगांसाठी मात्र अजूनही नुसतं मुठेलच, पळीत वितळवून, सोसवेल इतकं गरम.