क्लच ‘लागत नाही’ म्हणजे नक्की काय?

मोटरसायकलच्या क्लचमध्ये एकमेकींवर दाबलेल्या प्लेटा इंजिनचा जोर चाकाकडे नेतात; लिव्हर दाबली की त्या सुटतात. ‘नवीन प्लेटा टाकल्या, तरी क्लच लागत नाही.’ हे ऐकलं की मला आधी उलटा प्रश्न विचारावा लागतो: लिव्हर दाबल्यावर सुटत नाही, की सोडल्यावर पकडत नाही? समोरचा वैतागतो. पण या दोन तक्रारींचे इलाज एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. एकीचं औषध दुसरीला दिलं की नव्या प्लेटांची वाट लागते.

घसरणारा, म्हणजे स्लिप होणारा क्लच तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच्यामुळेच तर खर्च केलात. चढावर थ्रॉटल पिळलं की इंजिन ओरडतं आणि गाडी ढिम्म. जुन्या बुलेटमध्ये किकचा जोर क्लचमधूनच जातो, त्यामुळे तिथे किकही सटकते. पुरे.

घोळ होतो तो न सुटणाऱ्या क्लचचा. लिव्हर पूर्ण दाबूनही पहिल्या गिअरला ‘खाड’, गाडी पुढे ओढते, सिग्नलला न्यूट्रल सापडता सापडत नाही. इंजिन बंद करा, तोच न्यूट्रल मुकाट्याने लागतो. ही खूण दिसत असताना कोणी ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल’ म्हणाला, तर गाडी तिथून बाहेर काढा. मेन स्टँडवर पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून मागचं चाक हळू फिरतं म्हणून मात्र घाबरू नका. तेलात बुडालेल्या क्लचमध्ये, विशेषतः थंड इंजिनला, तेवढं चालतं. सपाट रस्त्यावर गाडी स्वतःहून सरकली तर मात्र तो ड्रॅग, म्हणजे क्लच खरंच सुटत नाही.

आता नव्या प्लेटांनंतरच हे का सुरू होतं? प्लेटा झिजतात तसा एकीवर एक रचलेल्या प्लेटांचा थर पातळ होतो आणि बहुतेक गाड्यांत लिव्हरचा फ्री प्ले, म्हणजे मोकळी चाल, कमी होत जाते. आपण दर वेळी लिव्हरपासून क्लचपर्यंत जाणारी वायर थोडी सैल करून ती परत आणतो. मग नव्या, जाड प्लेटा येतात, थर पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि वायर मात्र म्हाताऱ्या प्लेटांच्या मापाचीच राहते. चाल एकदम वाढते. लिव्हर हँडलला टेकते, तरी आत प्लेटा पुरत्या सुटत नाहीत. इथे वायर ताणायची असते. माझ्या गाडीला हेच झालं होतं आणि मेकॅनिकने स्लिप समजून ती आणखी सैल केली. दोन दिवस मी प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद करत होतो.

याच्या उलट, ‘टाइट ठेवा, क्लच कडक हवा’ म्हणणारेही असतात. चाल शून्यावर आली की क्लच सतत अर्धा दाबलेलाच राहतो, आणि कोऱ्या प्लेटा घसरून जळतात. बऱ्याच कम्यूटर, म्हणजे रोजच्या वापराच्या गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी चाल सांगितलेली असते. आपल्या गाडीचं माप पुस्तिकेत बघा आणि पट्टी लावून मोजा. ‘अंदाजाने’ या शब्दाची मला चीड आहे.

चाल बरोबर असूनही सुटत नसेल तर झाकण उघडावं लागणार. प्लेटा तेलात न भिजवता कोरड्या बसवल्या का? स्टीलच्या प्लेटा वाकल्यात का? काचेवर ठेवून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी तपासा. प्लेटा ज्यात बसतात त्या क्लचच्या कपाच्या दातांवर खाचा पडल्या असतील तर नव्या प्लेटांचे कान, म्हणजे कडेची टोकं, त्यांत अडकतात. किरकोळ असतील तर कानशीने काढता येतात, खोल असतील तर कपच बदला. क्लच सोडवायला आतून ढकलणाऱ्या रॉडबरोबरची छोटी गोळी परत टाकायची राहिली, असंही घडतं.

चाल बरोबर असूनही घसरत असेल तर मी आधी तेल विचारतो. कारचं उरलेलं तेल ओतणाऱ्यांना काय म्हणावं! त्यातल्या काहींत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि हा क्लच तर घर्षणावरच जगतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (मोटरसायकलच्या तेलाचं जपानी मानक) असलेलंच घ्या. तेल ठीक असेल तर प्लेटा दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा बघतो. प्लेटा नव्या आणि दमलेल्या स्प्रिंगा जुन्याच, ही काटकसर मला कधीच कळली नाही.

जुनी वायरही मी प्लेटांबरोबरच बदलतो. आत तार तुटत आलेली असली की आज लावलेली चाल चार दिवसांत वाढते, आणि दोष पुन्हा प्लेटांवर येतो.