चटका देणारं ऊन आणि भाजणारं ऊन

उन्हात गेल्यावर अंगाला जो चटका जाणवतो, तो मुख्यतः अवरक्त आणि दृश्य किरणांचा असतो. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा फार तर ५ टक्क्यांच्या आसपास. त्वचेचं सर्वाधिक नुकसान मात्र हेच करतात, आणि ते अजिबात जाणवत नाहीत. म्हणून वारा सुटला, पातळ ढग आले की ऊन उतरलं असं वाटतं आणि रात्री मान आणि नाकाचा शेंडा लाल होऊन चुरचुरतो. उन्हाळ्यात त्वचेची काळजी घेताना उकाड्यावरून उन्हाचा अंदाज बांधणं, ही सगळ्यांत मोठी गफलत.

अतिनील किरणांचे तीन प्रकार. त्यांतले 'सी' किरण ओझोनचा थर पूर्ण अडवतो, त्यांचा विचार नको. 'बी' किरणही बरेचसे तिथेच अडतात. जे येतात ते त्वचेच्या वरच्या थरात शिरून पेशींतल्या डीएनएवर आघात करतात. त्याच्या साखळीतले शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात. पेशी या बिघाडाची दुरुस्ती करत असते, पण मारा जास्त झाला की काही पेशी मरतात, आणि काहींमध्ये राहिलेली चूक पुढे कर्करोगाकडे नेऊ शकते. लाली लगेच दिसत नाही, १२ ते २४ तासांनी ती सर्वाधिक होते. त्वचा लाल व्हायला लागली की सावलीत जाऊ, असं म्हणणाऱ्याला तोवर उशीर झालेला असतो.

ड जीवनसत्त्वही याच 'बी' किरणांमुळे तयार होतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते भरपूर मिळतं हा समज फार पक्का आहे, पण तो बरोबर नाही. सूर्य खाली असताना किरण तिरपे येतात, ओझोनमधून त्यांना लांबचा प्रवास करावा लागतो आणि 'बी' किरण वाटेतच शोषले जातात. आपली सावली आपल्यापेक्षा बरीच लांब असेल, तर ड जीवनसत्त्व नाममात्रच तयार होतं.

'ए' किरणांची गोष्ट निराळी. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के हेच. ते ढगांतून येतात, खिडकीच्या साध्या काचेतूनही येतात (काच 'बी' किरण अडवते) आणि त्वचेच्या खालच्या थरातलं कोलॅजेन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडतात. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो प्रसिद्ध झाला. खिडकीकडच्या डाव्या गालावर जाड, खोल सुरकुत्या. उजवी बाजू बरीच तरुण. चेहरा एकाच माणसाचा आहे यावर विश्वास बसू नये, इतका फरक. भाजल्याची खूण न उमटताही ऊन काय करतं, हे त्यात स्पष्ट दिसतं.

सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य भाजण्यापासून बरंच संरक्षण देतं, पण अशा त्वचेवर दृश्य प्रकाशानेही काळेपणा येतो आणि तो बरेच दिवस टिकतो. वांग असेल तर साधं सनस्क्रीन अपुरं पडतं. त्वचेच्या रंगाचं, लोह ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन अधिक उपयोगी.

सनस्क्रीनच्या वेष्टनावरचा एसपीएफ हा संरक्षणाचा आकडा मुख्यतः 'बी' किरणांबद्दल बोलतो, म्हणून तिथे 'ए' किरणांपासून संरक्षणाचा उल्लेखही बघावा. ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के 'बी' किरण अडवतं, ५० एसपीएफ ९८. खरा फरक पडतो तो प्रमाणामुळे. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावून होते. आपण मात्र त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी लावतो. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या रेघा ओढाव्यात, दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावं. कान आणि पावलं हमखास राहून जातात.

माझ्या मते सनस्क्रीनहून भरवशाचे दाट विणीचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी. पांढरा सुती कपडा घामाने भिजला की त्यातून जास्त किरण आत जातात, तो बदलावा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा शक्यतो उन्हात जाऊ नये. घामोळं उन्हाने नव्हे, घामाच्या नलिका बुजल्याने येतं. त्यावर तेलकट क्रीम थापू नये. त्वचा भाजलीच तर गार पाणी आणि साधं मॉइश्चरायझर लावावं, बर्फ थेट लावू नये, फोड फोडू नयेत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावण्याऐवजी सावलीतच ठेवावं. आणि एखादा तीळ आकार किंवा रंग बदलू लागला, त्यातून रक्त येऊ लागलं, तर घरगुती उपाय न करता थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.