गाडी विकली तरी नो क्लेम बोनस तुमचाच

गाडी विकली की नो क्लेम बोनसही (क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जातो, हा समज चुकीचा आहे. बोनस गाडीचा नाही, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम न घेतल्यास तो ५० टक्क्यांवर पोचतो. म्हणजे ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) १२,००० चा हप्ता ६,००० होतो. ही कमाई सोडून देऊ नका! विक्रीनंतर फॉर्म २९ आणि ३० (गाडीची मालकी बदलण्याचे आरटीओचे फॉर्म) यांच्या प्रती देऊन विमा कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या. नवी कार घेताना ते तीन वर्षांपर्यंत चालतं. थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावर मात्र ही सूट नसते. जुनी गाडी घेणाऱ्यानेही पॉलिसी नावावर करताना आधीच्या मालकाच्या बोनसमुळे कमी झालेल्या हप्त्याचा फरक भरायलाच हवा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण येते.