दहा हजार पावलांचा हट्ट आणि साठीनंतरचे चालणे

मुंबईत साठी ओलांडलेल्यांच्या मनगटावर फिटनेस बँड चढला तो बहुतेक घरांत लेकाने किंवा सुनेने आणून दिला म्हणून. त्याआधी हिशेब फेऱ्यांचा असे. शिवाजी पार्कला कट्ट्याबाहेरून किती फेऱ्या झाल्या, एवढे विचारले की भागायचे. टाळेबंदीत बागांना कुलपे लागली, फेऱ्या गच्चीवर आणि घरातल्या घरात आल्या, तेव्हा फेऱ्यांना काही अर्थ उरला नाही आणि पावले मोजणे आले.

बँडसोबत एक आकडाही आला, १०,०००. खरा वाद त्याचाच. हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा तयार झाली होती. १९६५ साली तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचे यंत्र विकायला काढले आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. गोल आकडा, लक्षात राहणारा. पुढे २००९च्या सुमारास कपड्याला अडकवायची आणि नंतर मनगटावरची उपकरणे आली, तेव्हा अनेकांत तोच आकडा आधीपासून भरलेला होता. पंचविशीतल्या पोराला आणि गुडघा बदललेल्या आजींना एकच.

दहा हजारांची बाजू घेणारे उगाच बोलत नाहीत. २००७ साली आधीच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात पावले मोजणाऱ्यांचे चालणे दिवसाला सुमारे २,५०० पावलांनी वाढलेले दिसले, आणि पुढ्यात लक्ष्य असणे कामाचे ठरले. पण लक्ष्य हवे म्हणजे दहा हजारच हवे, हे त्यातून निघत नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांच्या पाहणीत २,७०० पावलांवाल्यांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण स्पष्ट कमी होते, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबत होता. (आजारी माणूस मुळातच कमी चालतो, हे इथे विसरू नये.) २०२२च्या एकत्रित विश्लेषणात साठीपुढच्यांसाठी ही मर्यादा ६,००० ते ८,००० निघाली. तरीही रात्री साडेनऊला दोन हजार कमी पडतात म्हणून पॅसेजमध्ये दुखऱ्या गुडघ्यांनी येरझाऱ्या घालणारे आजोबा आपल्या ओळखीत असतातच. सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलता येतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

त्यात मोजणीही लबाड. यंत्र कमरेवरून मनगटावर आले आणि हाताच्या हालचालीवर विसंबू लागले. एका हातात काठी, दुसऱ्यात भाजीची पिशवी, जुलैत वर छत्री, चालही सावकाश : अशा वेळी बरीच पावले हिशेबात येतच नाहीत. उलट पोळ्या लाटताना कधी कधी फुकटची जमा होतात.

२०२० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या व्यायामाविषयीच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. हालचाल सलग दहा मिनिटे हवी, ही अट गेली. जिना चढणे, स्टेशनपर्यंत चालणे हेही धरले जाऊ लागले. आठवड्याला किमान १५० मिनिटे मात्र राहिली. पासष्टीपुढच्यांसाठी (आपल्याकडे कायद्याने ज्येष्ठ साठीलाच) तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितले आहेत. पडून खुबा मोडण्याची भीती कमी होते ती त्यांनी. पण खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठले, तरी बँडवरच्या पावलांत त्याची जवळपास नोंदच होत नाही.