लाल भोपळ्यातलं पाणी आणि सावरडोचं गणित

लाल भोपळ्याची फोड हातात घेतली की कशी घट्ट लागते, सुरीवर जोर द्यावा लागतो, म्हणून आपण धरून चालतो की ही कोरडी भाजी आहे. पण १०० ग्रॅम भोपळ्यात ९० ग्रॅमच्या वर पाणी असतं. गाईच्या दुधात ८७-८८ असतं. म्हणजे पाण्याच्या हिशोबात भोपळा दुधाच्याही पुढे आहे, फक्त त्याचं पाणी पेशींच्या भिंतींमागे कोंडलेलं आहे म्हणून तो ताटलीत उभा राहतो. कुकरमध्ये दोन शिट्ट्या दिल्या की त्या भिंती ढिल्या होतात, त्यांना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि तोच भोपळा चमच्याने ढवळता येतो. सावरडोच्या, म्हणजे विकतचं यीस्ट न घालता आंबवलेल्या ब्रेडच्या, पिठात भाजी घालायची असेल तर सुरुवात इथून करायची, रेसिपीतून नाही.

मुंबईत घरी सावरडो करणारे आता बरेच झालेत आणि थोडा हात बसला की प्रत्येकाला त्यात काहीतरी घालून बघायचं असतं, बीट, गाजर, पालक, मेथी, उकडलेला बटाटा. तक्रार मात्र सगळ्यांची जवळपास एकच, पीठ चिकट झालं, हाताला सोडेना, टिनमधून पसरलं आणि ब्रेड चपटा आला. मग सगळा दोष स्टार्टरच्या, म्हणजे ब्रेड फुगवणाऱ्या आंबवलेल्या पिठाच्या, माथी. माझं याबाबतीत ठाम मत आहे की स्टार्टर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. भाजी ही आपण चवीला आणि रंगाला घातलेली गोष्ट समजतो, पण ती पिठात येते ती पाणी, साखर आणि एन्झाइम (पदार्थ तोडणारी प्रोटीनं) बरोबर घेऊन, आणि या तिन्हींचा हिशोब कोणी मांडलेलाच नसतो.

आधी स्टार्टरबद्दल थोडं. पीठ आणि पाणी कालवून ठेवायचं, रोज त्यातलं थोडं काढून नवीन पीठ-पाणी घालायचं, काही दिवसांत त्यात दोन जमाती टिकून राहतात, जंगली यीस्ट आणि लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरिया. बॅक्टेरिया संख्येने खूपच जास्त, साधारण एका यीस्टमागे शंभर. यीस्ट मुख्यतः गॅस करतं, बॅक्टेरिया आंबटपणा आणतात आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) चारच्या आसपास खाली नेतात, त्या आंबटपणात बाकीचे नको असलेले जंतू टिकत नाहीत. आपल्याला हे अजिबात नवीन नाही, इडलीचं पीठ रात्रभर फुगतं ते ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाच्या याच घराण्यातल्या बॅक्टेरियामुळे. फरक एवढाच की इडलीत गॅस धरून ठेवायला उडदाचा बुळबुळीतपणा असतो आणि ब्रेडमध्ये गव्हाचं ग्लुटेन, म्हणजे पीठ मळल्यावर जाळं धरणारं प्रोटीन. गोव्यात पोर्तुगीज काळात पाव फुगवायला माडाची सूर (माडी) वापरायचे, तेही जंगली यीस्टच.

बरेच जण विचारतात की स्टार्टर परदेशातून मागवला तर ब्रेड जास्त चांगला होतो का. १९७१ साली अमेरिकन संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सावरडोमधला एक बॅक्टेरिया ओळखला, त्याला त्या शहराचं नाव दिलं गेलं, पुढे तोच बॅक्टेरिया युरोपातल्या कितीतरी ठिकाणच्या सावरडोत सापडला. २०२१ मध्ये जगभरातल्या ५०० स्टार्टरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही स्टार्टर कुठल्या गावचा आहे यावरून आत कोण राहतंय हे फारसं सांगता आलं नाही. तेव्हा गोरेगावच्या ओट्यावर गव्हाच्या पिठात धरलेला स्टार्टर अगदी पुरेसा आहे, पैसे घालवू नका.

गावापेक्षा महत्त्वाचं आहे तापमान, आणि मुंबईत खरी गोम तिथेच आहे. त्या सॅन फ्रान्सिस्कोवाल्या बॅक्टेरियाला ३२ अंशाच्या आसपास सगळ्यात जास्त आवडतं. त्याच्यासोबत राहणाऱ्या यीस्टला मात्र २७च्या आसपास, आणि ३५-३६च्या वर ते वाढायचंच थांबतं. आता मे महिन्यातलं आपलं स्वयंपाकघर बघा, गॅस चालू, खिडकीतून वारा नाही, ओट्यावर सहज ३२-३३. बॅक्टेरियाची चंगळ आणि यीस्ट मागे. पीठ फुगायच्या आधी आंबट होतं, आणि आंबट झालं की गव्हाच्या पिठातच असलेले प्रोटीन तोडणारे एन्झाइम जागे होतात कारण त्यांना ॲसिडच लागतं, ते ग्लुटेनचं जाळं कुरतडायला लागतात, मग सकाळी छान ताणलं जाणारं पीठ दुपारी हातातून ओघळतं. युरोपातल्या रेसिपीत पीठ फुगायला लिहिलेले पाच-सहा तास हे २४-२५ अंशाचे तास आहेत, आपल्याकडे उन्हाळ्यात ते काम तीन-साडेतीन तासांत उरकतं. घड्याळ न बघता पिठाकडे बघायचं, सरळ उभ्या काचेच्या बरणीत थोडं पीठ काढून रबर बँड लावून ठेवलं की ते किती वर चढलं हे डोळ्यांना दिसतं. दीडपट झालं की बास, दुप्पट व्हायची वाट बघू नका, कारण फ्रिजमध्ये ठेवल्यावरही मधला भाग गार व्हायला वेळ लागतो आणि तोपर्यंत आत काम चालूच असतं.

आता भोपळ्याचं गणित. समजा ५०० ग्रॅम पीठ आहे, ४०० मैदा आणि १०० चक्कीचं गव्हाचं पीठ, आणि एरवी तुम्ही ७० टक्के पाणी घालता, म्हणजे ३५० ग्रॅम. (स्टार्टरमध्ये पीठ आणि पाणी समान असतं, ते इथे धरलं नाहीये.) त्यात १५० ग्रॅम उकडलेला भोपळा घालायचाय. त्याच्यातलंच पाणी साधारण १३५ ग्रॅम झालं, मग वरून घालायचं राहिलं २१५. पण हे सगळं पाणी लगेच पिठाला मिळत नाही, काही भाग भोपळ्याच्या तंतूंनी आणि पेक्टिनने धरून ठेवलेला असतो आणि तो हळूहळू सुटतो, विशेषतः मीठ घातल्यावर. म्हणून मळताना पीठ कोरडं वाटतं, आपण पाण्याचा हात लावतो, परत लावतो, आणि तासाभराने त्याच पिठाचा लगदा झालेला असतो. मी २१५ वर सुरू करते, अर्धा तास झाकून ठेवते आणि मग लागलंच तर चमच्या-चमच्याने. भोपळा उकडण्यापेक्षा ओटीजीत भाजला तर पाणी उडतं आणि चवही गोड होते, पण मग वरचं गणित बदलतं, भाजण्याआधी आणि नंतर वजन करा, जेवढं कमी झालं तेवढं पाणी गेलं. उकडलेलाच वापरायचा असेल तर गर पंच्यात बांधून नळाला टांगून ठेवायचा, खाली वाटी ठेवली की पिवळसर गोड पाणी थेंब थेंब जमा होतं. ते फेकू नका, पीठ मळायला तेच पाणी घ्या.

चक्कीच्या पिठाबद्दल एक सांगायला हवं. दगडी चक्कीत गव्हातल्या स्टार्चचे कण जास्त फुटतात, फुटलेला स्टार्च पाणी जास्त पितो आणि एन्झाइमना त्यातून माल्टोज साखरही पटकन काढता येते. त्यामुळे चक्कीचं पीठ जास्त घातलं तर पाणी थोडं वाढतं पण आंबणंही जोरात होतं. खपली गहू तब्येतीला कितीही चांगला म्हटला तरी त्याचं ग्लुटेन अशक्त असतं, त्यात वर भोपळा घालू नये असं मला वाटतं.

साखरेची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. नुसत्या पिठात तयार साखर अगदी कमी, यीस्टला स्टार्च तुटायची वाट बघावी लागते. भोपळा, गाजर, बीट यांच्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज आयतंच असतं, त्यामुळे गाडी आधीच सुटते. पण सावरडोतले बरेचसे बॅक्टेरिया फ्रुक्टोजचा एक वेगळाच उपयोग करतात, ते त्याचं मॅनिटॉल (साखरेसारखाच एक पदार्थ) बनवतात, आणि असं केल्याने त्यांना जास्त ऊर्जा मिळते व अल्कोहोलऐवजी ॲसेटिक ॲसिड तयार होतं. ॲसेटिक म्हणजे व्हिनेगरमधलं ॲसिड. म्हणजे गोड भाजी घातली की ब्रेड गोड होईल असं वाटतं आणि प्रत्यक्षात दह्यासारखा सौम्य आंबटपणा जाऊन नाकाला झोंबणारा आंबटपणा येऊ शकतो. उन्हाळ्यात स्टार्टर पिठाच्या २० टक्क्यांऐवजी १० टक्के घ्या, पाणी फ्रिजमधलं घ्या, म्हणजे फुगण्याचा वेग आणि आंबटपणा दोन्ही ताब्यात राहतात.

कच्ची भाजी किसून घालणाऱ्यांसाठी धोक्याची सूचना. कच्ची पपई मटणाला लावतात ती प्रोटीन तोडायला, ग्लुटेनही प्रोटीनच आहे, पपई त्याला सोडणार नाही. ताज्या आल्यातही असंच एन्झाइम असतं. कच्च्या लसणातले गंधकयुक्त पदार्थ ग्लुटेनचे दुवे सैल करतात आणि यीस्टलाही दाबतात. तिन्हींवर उपाय एकच, आधी शिजवा किंवा परता, उष्णतेने त्यांचा जोर जातो.

रंगाचं म्हणाल तर बीट सगळ्यात जास्त निराश करतं. मळताना पीठ इतकं सुंदर राणी रंगाचं दिसतं की फोटो काढावासा वाटतो, आणि कापल्यावर आत फिकट, कडेला तर तपकिरीच. बीटचा रंग म्हणजे बेटानिन, त्याला आंबटपणा चालतो, अगदी मानवतो, पण ओव्हनची आच सोसत नाही. पालक-मेथीचं उलट, त्यांच्या क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम ॲसिड आणि उष्णता मिळून काढून टाकतात आणि हिरव्याचा शेवाळी होतो, म्हणून साध्या ब्रेडपेक्षा सावरडोत पालक लवकर मळकट दिसतो. भोपळा आणि गाजराचा कॅरोटीन मात्र ओव्हनमध्येही बराच टिकतो. त्याला धोका फक्त जास्त मळण्याचा, पिठातलं लायपॉक्सिजनेस नावाचं एन्झाइम हवेच्या मदतीने त्याचा रंग उडवतं, तेव्हा मशीनमध्ये पंधरा मिनिटं फिरवत बसण्यापेक्षा हाताने घड्या घालाव्यात.

ब्रेडमध्ये कंद घालायची कल्पना किती जुनी आहे हे कळल्यावर मला खूप आनंद झाला होता. जॉर्डनमध्ये शुबायका नावाच्या ठिकाणी चुलीत १४,४०० वर्षांपूर्वीचे जळके ब्रेडचे तुकडे सापडले, २०१८ मध्ये ते जाहीर झालं. शेती सुरू व्हायच्याही आधीची माणसं, आणि त्या चपट्या ब्रेडमध्ये रानटी धान्याबरोबर पाणथळ जागी वाढणाऱ्या लव्हाळ्याच्या जातीचे कंद मिळाले.

कंदांत आपल्याकडे बटाटा सोपा, आणि ज्यांना पहिल्यांदाच भाजी घालून बघायचीये त्यांनी बटाट्यापासूनच सुरुवात करावी. त्यात पाणी ७९-८० टक्केच, त्यामुळे चूक माफ होते, आणि उकडलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो म्हणून ब्रेड जास्त दिवस मऊ राहतो. ब्रेड शिळा होणं म्हणजे सुकणं नव्हे, हे बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवलं होतं, पाणी उडू दिलं नाही तरी ब्रेड कडक होतोच कारण स्टार्चचे रेणू परत एकमेकांना चिकटून स्फटिक बनवतात. आणि हे फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होतं, म्हणून ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नये.

पावसाळ्यात मात्र बाहेर ठेवला तर बुरशी येते, ॲसेटिक ॲसिडमुळे सावरडो थोडा जास्त तग धरतो तरी भोपळ्याचा ओलसर ब्रेड मुंबईच्या जुलैत फार टिकत नाही. पूर्ण गार झाल्यावर स्लाइस करून थेट फ्रीझरमध्ये टाका, लागेल तसा काढून तव्यावर गरम करा, ६० अंशाच्या वर गेला की ते स्फटिक वितळतात आणि ब्रेड परत मऊ होतो. वर लोणी लावा, कारण कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषलं जातं. आणि घरात कोणाला सिलिअॅक आजार (ज्यात ग्लुटेन चालत नाही) असेल तर हा ब्रेड त्यांना अजिबात देऊ नका, आंबवल्याने गव्हातलं ग्लुटेन कमी होतं, संपत नाही.