कानोचा नकार: उत्तर नायजेरियातल्या पोलिओ लसीकरणाची पार्श्वभूमी

आफ्रिका खंडातून मूळ, म्हणजे लसीतून न आलेला, निसर्गातला पोलिओ विषाणू गेल्याची घोषणा २५ ऑगस्ट २०२० रोजी झाली. सगळ्यात शेवटी त्यातून सुटलेला देश नायजेरिया. याच देशाच्या उत्तरेकडच्या काही राज्यांनी २००३ मध्ये पोलिओचे डोस थांबवले होते आणि कानो राज्यात ही बंदी सुमारे अकरा महिने टिकली. लोक अडाणी होते म्हणून असं झालं, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही.

१९९६ मध्ये कानोत मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची, मोठी साथ आली होती. त्या धामधुमीत एका अमेरिकी औषध कंपनीने तिथल्या २०० आजारी मुलांवर चाचणी केली. १०० मुलांना नवं प्रतिजैविक, १०० जणांना आधीपासून वापरात असलेलं. दोन्ही गटांत मिळून ११ मुलं दगावली. आईबापांची संमती नीट घेतली होती का, हा वाद कोर्टात गेला आणि २००९ मध्ये कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. त्याआधी, १९८८ च्या लोकसंख्या धोरणात सरकारने बाईमागे चार मुलांची मर्यादा सुचवली होती. त्यामुळे ‘या थेंबांनी मुली वांझ होतील’ ही अफवा रिकाम्या जमिनीत रुजली नाही. ती पसरवणाऱ्यांत पेशाने डॉक्टर असलेले धर्मनेतेही होते.

शिवाय लोकांचा एक साधा प्रश्न होता: पोर गोवराने जातं, तापावर दवाखान्यात गोळी मिळत नाही, मग पोलिओवालेच पुन्हा पुन्हा दारात का? मेनिंजायटिसचं उदाहरण इथे बोलकं आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ‘ए’ प्रकारावरची लस डिसेंबर २०१० पासून बुर्किना फासो, माली, नायजर आणि पुढे नायजेरियात आली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. तो आजार घरोघरी माहीत होता.

कानोची बंदी जुलै २००४ मध्ये उठली. लस मुस्लिमबहुल इंडोनेशियातून आणायचं ठरलं आणि राज्यपालांनी सर्वांसमोर स्वतःच्या मुलीला डोस पाजला. पण बंदी उठली म्हणून दारं उघडली नाहीत. विषाणू पुढे वीसेक देशांत पोचला, २००५ मध्ये खुद्द इंडोनेशियातही. २००६ मध्ये नायजेरियात अकराशेहून अधिक मुलं लुळी पडली.

खरी गोम होती दारात. हौसा हा उत्तर नायजेरियातला मोठा समाज; हौसा घराला पुढे ‘झाउरे’ म्हणजे प्रवेशाची खोली असते आणि परका पुरुष तिच्यापलीकडे जात नाही. पथकात पुरुष किंवा बाहेरगावची पोरं असली की तिथूनच ‘सगळ्यांना दिलं’ असं ऐकून भिंतीवर खडूने खूण करून ती पुढे निघायची. काही ठिकाणी आई-बाप आणि पथक संगनमत करून डोस न देताच मुलाच्या बोटाला शाई लावायचे. कागदावर मोहीम पूर्ण, पाळण्यातलं पोर कोरडं. तोंडावाटेच्या लसीचे अनेक डोस लागतात, त्यामुळे अशा घरातलं मूल फेरीमागून फेरी सुटत राही.

२००९ मध्ये सोकोतोचे सुलतान, म्हणजे नायजेरियातल्या मुस्लिमांचे प्रमुख धर्मनेते, यांच्या पुढाकाराने पारंपरिक प्रमुखांची समिती झाली आणि जबाबदारी अमीरापासून थेट ‘माई उंग्वा’पर्यंत, म्हणजे वस्तीच्या मुखियापर्यंत उतरली. पथक निवडताना तो हजर, संध्याकाळच्या आढावा बैठकीतही तो हजर. नकार देणाऱ्या घरी तो स्वतः जायचा, तेही बाप घरी असेल तेव्हा, कारण हो-नाही त्याच्या हातात. सोबत अनेकदा इमाम असत.

२०१२ पासून युनिसेफने वस्तीतल्याच बायकांचं जाळं उभारलं. नमुना उत्तर प्रदेशातल्या पोलिओ मोहिमेचा होता. या बायका ओळखीच्या, झाउरे ओलांडून थेट आतल्या अंगणात जाणाऱ्या. वहीत गरोदर बाया, नवी बाळं आणि पाच वर्षांखालची मुलं यांची नोंद. सातव्या दिवशीच्या ‘सुना’ला, आपल्या बारशासारख्या समारंभाला, त्या जायच्या आणि बाळाचं नाव तिथेच वहीत चढायचं. जंतनाशक गोळ्या, मच्छरदाण्या, साधी औषधं देणारी शिबिरं हे ‘पोलिओच का?’ या प्रश्नाचं उत्तर होतं, आमिष नव्हे. ते द्यायला इतकी वर्षं लागली, हीच मोहिमेची मोठी चूक.

किंमतही मोजावी लागली. फेब्रुवारी २०१३ मध्ये कानोत लसीकरणाला गेलेल्या किमान नऊ जणींना गोळ्या घालण्यात आल्या. २०१६ मध्ये बोको हराम या अतिरेकी संघटनेच्या तावडीतल्या बोर्नो राज्यात, जिथे पथकं पोचूच शकत नव्हती, तिथे पुन्हा रुग्ण सापडले.

आज वस्त्यांत वेगळंच अवघड बोलणं चालू आहे. जिथे बरीच मुलं लसीविना राहतात, तिथे तोंडावाटेच्या लसीतला दुबळा विषाणू मुलामुलांत फिरत बदलतो आणि पुन्हा लुळेपणा आणू शकतो. नायजेरियात असा लसीतून बदललेला ‘टाइप २’ विषाणू अजून फिरतो आहे. ‘म्हणजे लसीतूनच पोलिओ?’ असं आई विचारते. हो, क्वचित तसं होतं, आणि शेजारपाजारच्या सगळ्या मुलांना डोस मिळाले की त्याला फिरायला जागा उरत नाही, हे त्या वहीवाल्या बाईला अंगणात बसून, काही न लपवता सांगावं लागतं.